नावाचे धनी

क्लॉनबॅरा, टिपरेरी
९ जून २०१९

मॅलाकी,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. मागच्या नाताळात दोनदा ठेवलास. पत्र निदान तुझ्या टेबलावर पडून तरी राहील.

लॉर्कनने तुला कळवलंच असेल. काकांच्या या पोराचं हॉटेल बरं चालतं, पण गेल्या वर्षापासून त्याच्या डोक्यात एक भूत शिरलंय: जगभरातल्या टिअर्नी आडनावाच्या माणसांचा मेळावा. ऑगस्टचा पहिला शनिवार-रविवार, हर्लिंग खेळणाऱ्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये. दोनशे माणसं येणार आहेत, बहुतेक अमेरिकन. त्याने छापलेलं पत्रक माझ्यासमोर आहे. हिरवं आणि सोनेरी, वर ढाल, ढालीवर मागच्या पायांवर उभा सिंह. खाली लिहिलंय, 'तुम्ही धन्यांचे वंशज आहात.'

आयरिश भाषेत टिअर्ना म्हणजे धनी, हे शाळेत मास्तरांनी आपल्यालाही शिकवलं होतं. पण त्यांनी हेही सांगितलं होतं की जमीनदारालासुद्धा तोच शब्द. खंड थकला की माणसांना घराबाहेर काढून छप्पर उतरवणारा, तोही टिअर्नाच. ते काही पत्रकात नाही.

वंशावळी शोधणारी एक बाई डब्लिनहून बोलावली आहे. समितीच्या बैठकीत ती प्रामाणिकपणे म्हणाली, "या नावाची निदान तीन वेगवेगळी घराणी होती. एक डोनेगॉलकडचं, एक मेयोतलं, एक वेस्टमीथचं. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुमचे टिपरेरीतले यांतल्या कोणाचे, हे कागदावरून सांगता येत नाही."

लॉर्कन म्हणाला, "बाई, तेवढं गाळा. 'माहीत नाही' ऐकायला कोणी विमानात बसून येत नाही."

सगळे हसले. मीही हसले असेन. मग ती बाई म्हणाली की अमेरिकेत हल्ली आपली आडनावं पोरींना नावं म्हणून ठेवतात. क्विन, रायली, डेलेनी, आणि आता टिअर्नीसुद्धा. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी आयर्लंडचं पाणी प्यालेलं नाही, तेही ठेवतात. कानाला गोड लागतं म्हणे. लॉर्कनचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी त्याने चहाचे गुलाबी मग मागवले, 'माझं नाव टिअर्नी' असं छापलेले. हॉटेलच्या काउंटरवर त्यांची उतरंड लावून ठेवली आहे. रोज जाता-येता मी तिकडे पाठ करून चालते.

तुला आवडतील ते गुलाबी मग. आईच्या थडग्यासाठी ढाल आणि सिंह कोरलेला दगड तूच पाठवला होतास ना! बाबांकडे अकरा एकर जमीन, त्यातली सात एकर पाणथळ लव्हाळं, आणि म्हणे सिंह. मी तो पाथरवटाकडून छाटून घेतला, म्हणून तू एकवीस वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. पुन्हा छाटायची वेळ आली तर पुन्हा छाटेन.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही.

परवा लॉर्कन एक पत्र नाचवत माझ्याकडे आला. "ब्रीडा, ही बघ गंमत! बाईचं नाव टिअर्नी, आडनाव लिंडक्विस्ट! मिनेसोटाची. हिला पहिला मग फुकट."

मी चष्मा लावून वाचलं. बाई पन्नास वर्षांची आहे, डुलुथ नावाच्या गावात शाळेची बस चालवते. जन्म आयर्लंडमधला, ११ नोव्हेंबर १९६८, नन्सच्या एका संस्थेत. आठ महिन्यांची असताना तिला अमेरिकेतल्या स्वीडिश वंशाच्या जोडप्याने दत्तक घेतलं. अंगावर पांढरं लोकरी जाकीट होतं आणि कॉलरच्या आत दोऱ्याने शिवलेलं: टिअर्नी. त्या भल्या माणसांना वाटलं, हेच बाळाचं नाव. तेच ठेवलं. ती लिहिते, 'शाळेत सगळी हसायची, हे कसलं आडनाव लावलंय नावाला म्हणून. आता माझ्या बसमध्येच तीन टिअर्नी आहेत.' संस्थेच्या कागदावर वडिलांच्या जागी नुसती रेघ आहे. आईचं नाव द्यायला ते तयार नाहीत. तिला एवढंच विचारायचंय, तुमच्या भागात हे नाव फार आहे म्हणतात, तर कोणाला काही आठवतं का?

नोव्हेंबरमधून नऊ महिने मागे मोजायला तुला माझी मदत लागणार नाही.

लॉर्कन म्हणतो, तू मेळाव्यासाठी भाषण रेकॉर्ड करून पाठवणार आहेस, 'परदेशातले ज्येष्ठ टिअर्नी' म्हणून. पाठवू नकोस. त्याऐवजी त्या बाईला दोन ओळी लिही. पत्ता सोबत आहे.

ब्रीडा

&nbsp;

२ जुलै २०१९

मॅलाकी,

तुझं उत्तर पोचलं. चार ओळी, टाइप केलेल्या, खालची सहीसुद्धा छापील. 'टिअर्नी नावाची माणसं तिकडे दगड उचलला की सापडतात. त्या मुलीचं आणखी कोणाबरोबर होतं हे तूच सांगितलं होतंस. आई असती तर तिला तुझी लाज वाटली असती. जुनी घाण उकरू नकोस.'

बाईचा पत्ता मात्र तू परत पाठवलास. फाडून फेकताही आला नाही तुला! चिमटीत धरून बाहेर टाकावा तसा पाकिटात घालून परत.

हो, मीच सांगितलं होतं. ते आता लिहूनच टाकते. तुला ठाऊकच आहे, पण तू ते एका वाक्यात गुंडाळलंस आणि माझ्या अंगावर फेकलंस, म्हणून पूर्ण लिहिते.

अडुसष्टच्या जूनमध्ये चर्चचे फादर आपल्या घरी आले, सोबत नेड हॅल्पिन. आपण जेवत होतो. नेड रस्त्याच्या कामावर जाणारा माणूस, टोपी हातात धरून दाराशीच उभा राहिला. त्याची नोरीन दोन वर्षं आपल्याकडे गाई काढायला आणि कपडे धुवायला येत होती. त्या दिवशी ती आली नव्हती. त्याआधीच्या आठवड्यातही आली नव्हती.

नेड म्हणाला, "बाईसाहेब, मी भांडायला आलो नाही. पोरांचं लग्न लावून द्या, एवढंच."

आई म्हणाली, "हॅल्पिनची पोर या घरात सून म्हणून? आमचं नाव काय उकिरड्यावर पडलंय?"

बाबा चुलीकडे बघत बसले. फादरनी तुला विचारलं, "मॅलाकी, तू काय म्हणतोस?" तू बटाट्याचं साल काढत होतास. मान वर न करता म्हणालास, "मला यातलं काही माहीत नाही." आणि तो बटाटा खाल्लास. मीठ लावून.

मग आईने माझ्याकडे पाहिलं. मी एकोणीस वर्षांची होते. सप्टेंबरात डब्लिनला नर्सिंगला जायचं होतं आणि आईने अजून हो म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "ब्रीडा बाहेर फिरते, तिला ठाऊक असेल. काय गं, कोणाबरोबर दिसली होती का ही?"

मी म्हटलं, "नाचाच्या हॉलमागे पाहिली होती. बँडमधल्या एकाबरोबर. दोनदा."

ते दोनदा मी पदरचं घातलं. पहिलंही पदरचंच होतं.

फादरनी उसासा टाकला. सुटल्यासारखा. नेडने टोपी घातली, ती उलटी बसली, पुन्हा काढून नीट घातली. जाताना तो आईशी बोलला नाही, तुझ्याशीही नाही. मला म्हणाला, "एवढी शिकलेली पोर तू."

सप्टेंबरात मी डब्लिनला गेले. नोरीन त्याच आठवड्यात त्या संस्थेत गेली. पुढच्या वसंतात तू ऑस्ट्रेलियाची बोट धरलीस आणि आई चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगत सुटली, आमचा मॅलाकी जग बघायला निघालाय.

पुढचं तुला माहीत नाही. मी गावची नर्स होऊन परत आले. नोरीनही परत आली. तिने लग्न केलं नाही, शाळेत झाडलोट करायची. एकोणनव्वदच्या हिवाळ्यात नेड अंथरुणाला खिळला तेव्हा त्याच्या पाठीच्या जखमा धुवायला मी रोज त्यांच्या घरी जात होते. एकोणीस आठवडे. मी धुवायची, नोरीन परात धरायची. ती म्हणायची, "पाणी गरम आहे." मी म्हणायची, "टॉवेल दे." दुसरं काही नाही. नेडचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. तो माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्या जखमांकडे.

तुझी किती शिसारी येते ते लिहायला बसले होते. अर्ध्यावर उठून तोंड धुऊन आले.

तरी फरक आहे एक. मी सत्तर वर्षांची होऊन कबूल तरी करते. तू त्र्याहत्तराव्या वर्षी छापील सही करतोस.

ब्रीडा

&nbsp;

२० जुलै २०१९

मॅलाकी,

मी नोरीनकडे गेले होते. तुला न विचारता. तुला विचारायचं काही कारणही नव्हतं.

ती दारातच बसून रुबार्बचे देठ चिरत होती. मला पाहून उठली नाही.

"काय हवंय, नर्स?"

गेली तीस वर्षं ती मला नर्स म्हणते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी. चर्चमध्ये एका बाकावर बसून आम्ही प्रार्थना म्हटल्या, पण ब्रीडा म्हणून हाक नाही.

मी अमेरिकन बाईचं पत्र पुढे केलं. तिने एप्रनला हात पुसले, पत्र वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मी उभीच होते. शेवटी ती म्हणाली, "बस चालवते. तिकडे बर्फ पडतो ना?"

"सहा सहा महिने."

"म्हणजे हात खंबीर असणार," ती म्हणाली.

मग मी विचारलं, "ते जाकीट तूच शिवलं होतंस?"

"विणलं मी, आणि नावही मीच शिवलं. कागदावर त्यांनी रेघ मारली. मी म्हटलं, बापाचं नाव लिहा. सिस्टर म्हणाली, बाप नाहीच तर नाव कुठलं? म्हटलं, ठीक आहे. कागद तुमचा, जाकीट माझं." तिने पुन्हा सुरी उचलली. "तुमचं नाव मिरवायला नव्हतं शिवलं, नर्स. चोरीच्या मालावर चोराचं नाव लिहून ठेवावं तसं शिवलं. कधीतरी कोणीतरी कॉलर उलटून बघेल आणि तुमच्या आईच्या दारात जाऊन उभं राहील म्हणून. आणि त्या लोकांनी पोरीलाच ते नाव दिलं!"

ती हसायला लागली. मॅलाकी, मी चाळीस वर्षं मेलेली, मरणारी, सडणारी माणसं हाताळली आहेत, पण ते हसू ऐकून मला मळमळलं.

"पन्नास वर्षं तिला त्या नावाने हाका मारल्या असतील. टिअर्नी, जेवायला ये. टिअर्नी, नाक पूस. शी! मीच माझ्या हाताने तिच्या गळ्यात बांधलं ते."

मी म्हटलं, "नोरीन, मी त्या दिवशी खोटं बोलले होते."

"मला सांगतेस? हॉलमागे मी होते की नव्हते हे मला ठाऊक नाही का?"

"मला माफी..."

"एकोणीस आठवडे माझ्या घरात येत होतीस. बाबा ऐकत होते, बघत होते, शुद्धीवर होते. तेव्हा बोलली असतीस तर त्यांनी ऐकलं असतं. मरताना तरी त्यांना कळलं असतं, पोर खोटारडी नव्हती म्हणून. आता तुझी माफी घेऊन मी काय करू? लोणचं घालू?"

 

मग ती म्हणाली, "तिला यातलं काही लिहू नकोस. मेळाव्याला सँडविच करायला मी आहेच, लॉर्कनने सांगितलंय. आधी मी बघेन. मग काय ते मी ठरवेन. तू नाही."

मी हो म्हटलं. ती पुन्हा रुबार्ब चिरू लागली, म्हणून मी निघाले.

लॉर्कनला गाठून विचारलं, मॅलाकीची फिल्म आली का? म्हणे कधीच आली, बारा मिनिटांची आहे, ऐकून डोळ्यांत पाणी येतं. अजून वेळ आहे. त्याला फोन कर आणि दाखवू नकोस म्हणून सांग. त्या पोरीसाठी सांगत नाही. तुझ्यासाठीच सांगते, आणि हे शेवटचं.

ब्रीडा

&nbsp;

६ ऑगस्ट २०१९

मॅलाकी,

तू फोन केला नाहीस. मग ऐक.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. पाऊस होता, ओल्या रेनकोटांचा आणि हॅमचा वास. भिंतभर वंशावळीचा कागद, त्यावर जो तो आपापलं नाव लिहीत होता. ओहायोचा एक गृहस्थ हिरव्या टोपीत आला होता, मला म्हणाला, "मॅडम, आपण दोघं राजघराण्यातले!" मी म्हटलं, "तुम्ही असाल. मी गोठ्यातली."

ती आली. मी नाव विचारायच्या आधीच ओळखलं. उंच आहे, केस पांढरे, आखूड. बसताना तुझ्यासारखा उजवा गुडघा हाताने धरून बसते. डुलुथहून तिने ते जाकीट आणलं होतं, आणि वंशावळवाल्या बाईने ते प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवलं होतं, 'आपल्या नावाची जुनी आठवण' अशी चिठ्ठी लावून. गुलाबी मगांच्या शेजारी.

नोरीनने ते सकाळीच पाहिलं होतं, कपबश्या मांडताना. हात लावला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मग ती दुपारभर त्या बाईकडे बघत होती. मी नोरीनकडे बघत होते. ती ब्रेडला लोणी लावत होती, स्लाइसमागून स्लाइस, थांबत नव्हती.

तीन वाजता लॉर्कनने पडदा सोडला आणि तू आलास. पर्थचं ऊन, मागे नारिंगी फुलांचं झाड, कोटावर ढालीची पिन. दात नवे बसवलेस वाटतं. पाच मिनिटं तू धन्यांबद्दल बोललास, घोड्यांबद्दल, तलवारींबद्दल. मग गळा भरून आणलास आणि म्हणालास, "आमच्या आईने हे नाव देवघरातल्या दिव्यासारखं जपलं. टिअर्नींच्या दारातून कोणी कधी रिकाम्या हाताने परत गेलं नाही."

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. मांडीवर कागदी थाळी. तुझी मुलगी. तुझं ऐकून मान डोलावत होती.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. नोरीन चहाची मोठी किटली घेऊन बाहेर आली. पडद्यासमोर येऊन थांबली, तुझा अर्धा चेहरा तिच्या एप्रनवर पडला होता.

"लॉर्कन, बंद कर ते."

"नोरीन, चहाचं नंतर बघू, हं?"

"चहाचं नाही बोलत मी. त्याचं तोंड बंद कर. माझा बाप त्याच दारातून रिकाम्या हाताने परत गेला."

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. लॉर्कन माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी करावं म्हणून. तेव्हा मी उठले. म्हटलं, "माझ्यामुळे गेला. नेड हॅल्पिन न्याय मागायला आला होता आणि मी त्याच्या मुलीबद्दल खोटं बोलले. तो जो पडद्यावर बोलतोय तो माझा भाऊ. तो तेव्हा शेजारी बसून बटाटा खात होता."

नोरीनचं गुपित मी फोडलं नाही. माझ्या वाटणीचं तेवढंच सांगितलं.

लॉर्कनने घाईत कुठलं तरी बटण दाबलं आणि तू तोंड उघडं टाकून पडद्यावर थिजलास. आणि तो हिरव्या टोपीवाला टाळ्या वाजवायला लागला. त्याला वाटलं, गावकऱ्यांनी नाटक बसवलंय. त्याचं बघून आणखी दहाबारा जणांनी वाजवल्या.

त्या टाळ्यांतच नोरीनने किटली खाली ठेवली आणि तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाली, "त्या जाकिटावर एन, ई, वाय ही शेवटची तीन अक्षरं निळ्या दोऱ्याची आहेत. पांढरा दोरा संपला होता. शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या मोज्यातून मी निळा उसवून घेतला."

टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. कॉलर आत दुमडलेली होती.

ती बाई उठली. हातातली थाळी कुठे ठेवावी तिला कळेना, शेवटी शेजारच्या माणसाच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "मला वाटायचं, धोब्याकडे हरवू नये म्हणून कोणीतरी शिवलं असेल." मग म्हणाली, "तुम्ही?"

"मी," नोरीन म्हणाली. "इथे नको. आत ये. आत गरम आहे."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लागलं. लॉर्कनने फिडलची सीडी लावली. टेक्सासच्या एका बाईने माझा दंड धरून विचारलं, "नातीसाठी गुलाबी मग कुठे मिळतील?"

संध्याकाळी लॉर्कन माझ्या घरी येऊन ओरडला, "ब्रीडा, तू नावाला काळं फासलंस!" म्हटलं, "काळं फासायला आधी ते पांढरं असावं लागतं." त्याने दार आपटलं. काच तडकली आहे.

ब्रीडा

&nbsp;

२५ ऑगस्ट २०१९

मॅलाकी,

लॉर्कनमार्फत तुझा निरोप आला: 'तिला काय पाहिजे?'

जमीन नको. तुझं घर नको. तुला भेटायचंही नाही, मी विचारलं होतं. डॉक्टरकडे गेली की दर वेळी एक फॉर्म भरावा लागतो, त्यात 'वडिलांकडचे आजार' असा रकाना असतो. तीस वर्षं ती तिथे 'माहीत नाही' लिहिते. तिला तो रकाना भरायचाय. मी भरून दिला. बाबांचं हृदय एकसष्टाव्या वर्षी बंद पडलं, आजीला साखर होती, आईच्या डोळ्यांत काचबिंदू. तुझं काय काय आहे ते कळव. खरं कळव. बाप म्हणून तुला एवढंच काम आहे, आणि त्यालाही टपालाचं तिकीट पुरेल.

तिने मुक्काम वाढवला आहे. काल मी तिला नोरीनकडे पोचवलं, कारण आपल्या रस्त्यांवर डाव्या बाजूने चालवायला ती घाबरते. बर्फात बस चालवणारी बाई!

गाडीत ती म्हणाली, "आई मला टिअर्नी म्हणत नाही. प्रयत्न करते, पण घशात अडकतं तिच्या. म्हणाली, संस्थेत आठ महिने ती मला उना म्हणायची. माझं ते नाव होतं हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं."

"मग तुम्ही नाव बदलणार?"

"लायसन्सवर राहू दे. वडिलांनी... म्हणजे डुलुथच्या माझ्या वडिलांनी प्रेमाने ठेवलंय ते. त्यांना कुठे काय ठाऊक होतं?" मग म्हणाली, "तिच्या घरात मात्र मी उना. मला चालतं. दोन नावांची माणसं असतात की."

नोरीन दारात उभी होती. मी गाडी अंगणात नेली, इंजिन बंद केलं आणि तिच्याबरोबर उतरायला दार उघडलं. नोरीन म्हणाली, "नर्स, तू गाडीतच बस."

बसले. अडीच तास. पाय आखडले, तहान लागली, उतरले नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बोलणं नीट कळत नव्हतं, भांड्यांचा आवाज येत होता, मध्येच एकदा दोघी एकदम हसल्या. या वेळी ते हसू ऐकून मळमळलं नाही. मग नोरीनचा आवाज स्वच्छ आला, "उना, दूध घे गं, कोरा काय पितेस?"

उना बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रुबार्बच्या मुरंब्याची बरणी होती आणि डोळे सुजले होते. पट्टा लावला, बरणी मांडीत धरली. फाटकाशी आल्यावर तीच म्हणाली, "पुढच्या वर्षी जूनमध्ये ये म्हणालीय. महिनाभर राहायला."

"छान."

"तुमच्यासाठीही निरोप आहे. पुढच्या वेळी गाडी फाटकाबाहेर लावा. गवत चिरडतं."

मी आरशात पाहिलं. गवतावर चाकांचे दोन पट्टे उमटले होते, खरंच.

ब्रीडा